कार्यक्रम चॅनल बदलतो तेव्हा तो तोच राहतो का?

रानजाई

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

माझी आई मिरजेत असते, वय ७८. २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर 'कोण होईल मराठी करोडपती' सुरू झालं, सचिन खेडेकर होते, तेव्हापासून ती टीव्हीसमोर दोनशेपानी वही घेऊन बसायची. समासात तारीख, मग प्रश्न, मग चारी पर्याय आणि बरोबर उत्तराखाली लाल पेनने रेघ. स्पर्धकाने पटकन उत्तर दिलं तर दोनच पर्याय लिहून व्हायचे, उरलेली जागा ती तशीच मोकळी सोडायची, कधीतरी कुणाला विचारून भरू म्हणून. २०१५ ला ई टीव्हीचं कलर्स मराठी झालं, २०१६ ला स्वप्नील जोशी आले, वही चालूच. मग कार्यक्रमच थांबला.

२०१९ ला परत आला तो सोनी मराठीवर, सूत्रसंचालक नागराज मंजुळे, आणि नावही जरासं बदललेलं, 'कोण होणार करोडपती'. आईने कुठूनतरी ऐकलं की करोडपती परत येतंय, आणि ती नेहमीच्या जागी, नेहमीचं बटण दाबून बसली. तिथे दुसरंच काहीतरी चालू. तिला वाटलं पुढे ढकललं असेल. असे आठ दिवस रोज बसली हो, मला फोनवर सांगितलं सुद्धा नाही. त्यात त्याच वर्षी फेब्रुवारीत चॅनल आपले आपण निवडायचे नवीन नियम आले होते, तिच्या पॅकमध्ये ते चॅनलच नव्हतं. केबलवाल्याला तीन फोन केले, आज येतो उद्या येतो. मी नंतर तिकडे गेले तेव्हा वही बघितली, समासात आठ तारखा ओळीने लिहिलेल्या आणि पुढे पान कोरं. मला फार लागलं ते.

नंतर चॅनल लावून दिलं, पण तिने बघितलंच नाही. म्हणाली, "नाव वेगळं, घर वेगळं, माणूस वेगळा, मग तो कार्यक्रम तोच कसा गं?" मी तिला सांगत होते की अगं खेळ तोच आहे, पायऱ्या त्याच, लाइफलाइन त्याच. तिला काही पटलं नाही आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून मलाही ठामपणे उत्तर देता येत नाहीये.

तर इथे जाणकार आहेत बरेच. असे घर बदललेले कार्यक्रम, मालिका, सिनेमे आठवतात का, आणि त्यात नेमकं काय जातं नि काय मागे राहतं?

चिंचेची_सावली

रानजाई, तुमच्या आईंची वही डोळ्यासमोर आली अगदी.

माझी आठवण फार जुनी आहे. 'तू तू मैं मैं', रीमा लागू आणि सुप्रिया पिळगावकर, दिग्दर्शन सचिन यांचं. १९९४ ला डीडी मेट्रोवर सुरू झाली होती. आम्ही गिरगावात चाळीत, आमच्याकडे गच्चीवर अँटेना, केबल नव्हती कारण वडिलांना परवडत नव्हती आणि दहावीचं वर्ष होतं माझं. सासू-सून हिंदी बोलायच्या पण दोघी अगदी आपल्या मजल्यावरच्या वाटायच्या, पदर खोचायची पद्धत सुद्धा. मग एक दिवस मालिका स्टार प्लसवर गेली. आमच्यासाठी ती संपलीच. समोरच्या काकूंकडे केबल होती, आई दोन-तीनदा गेली त्यांच्याकडे बघायला, मग तिलाच संकोच वाटायला लागला की रोज काय दुसऱ्याच्या दारात बसायचं, म्हणून जाणं सोडलं.

इथे नाव तेच होतं, माणसं तीच होती, फक्त घर बदललं. तरी आमची सुटली. त्यामुळे तुमच्या आईंनी जे तीन सांगितले ना, त्यातलं घर हे लोक समजतात तेवढं किरकोळ नाहीये.

खडूफळा

वाचतोय. चांगला धागा.

एडिट_टेबल

मी अठरा वर्षं एडिटिंगमध्ये आहे, गोरेगावला. मला जेवढं दिसलं तेवढं सांगतो, जरा मोठं होईल.

पहिली गोष्ट म्हणजे डेली सोप सहसा चॅनल बदलत नाही, कारण ती मुळात निर्मात्याची नसतेच. चॅनल एपिसोडमागे ठरलेली रक्कम देतं, निर्माता त्यात सेट, कलाकार, युनिट, आमच्यासारखे सगळे बसवतो आणि उरेल ते त्याचं. बहुतेक करारांत नाव, गोष्ट, पात्रं, टायटल साँग हे चॅनलकडे जातं. टीआरपी पडला की मालिका बंद होते, ती उचलून शेजारच्या चॅनलला नेऊन द्यायची सोयच नसते. निर्माता जातो, कलाकार जातात, मालिका तिथेच राहते.

फॉरमॅट शोचं उलटं आहे. तिथे खेळाचा मालक तिसराच कुणीतरी असतो आणि चॅनल म्हणजे भाडेकरू. करोडपतीचंच घ्या. मूळ खेळ लंडनच्या सेलाडॉर कंपनीचा, १९९८ ला तिकडे आयटीव्हीवर आला. आपल्याकडे ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर, मग २००५ ला दुसरं पर्व, २००७ ला तिसरं शाहरुख खानचं. त्यानंतर तीन वर्षं काहीच नाही. मधल्या काळात काय झालं, तर या खेळाचे हक्क आधीच टूवेट्रॅफिक नावाच्या डच कंपनीकडे गेले होते आणि २००८ मध्ये ती अख्खी कंपनीच सोनी पिक्चर्सने विकत घेतली. आणि २०१० ला केबीसी कुठे आलं, सोनीवर. तेव्हा सगळे म्हणत होते कार्यक्रम सोनीने पळवला. पळवला कसला, मालकच सोनी झाले होते, मालकाने आपली वस्तू आपल्या घरी आणली.

मराठीचंही तसंच बघा. २०१३ ला सोनीचं मराठी चॅनलच नव्हतं, म्हणून ते ई टीव्हीवर झालं. सोनी मराठी सुरू झालं ऑगस्ट २०१८ ला आणि पुढच्याच वर्षी करोडपती तिकडे. रानजाई, तुमच्या आईंना सांगा की कार्यक्रम परक्या घरात गेला नाही, आधी भाड्याने होता तो स्वतःच्या घरात आला.

अजून उदाहरणं म्हणजे बिग बॉस, २००६ चं पहिलं पर्व सोनीवर होतं, अर्शद वारसी सूत्रसंचालक, हे आता फार जणांच्या लक्षात नाही. २००८ ला कलर्स नवीनच आलं आणि दुसऱ्या पर्वापासून ते कलर्सचं. त्याच वर्षी सोनीचं फिअर फॅक्टर कलर्सवर खतरों के खिलाडी म्हणून आलं, नावच वेगळं असल्यामुळे लोकांना पत्ताच लागला नाही की हा तोच खेळ आहे. आणि झलक दिखला जा तर आधी सोनी, २०१२ पासून कलर्स, आणि २०२३ ला परत सोनी. माहेरी येऊन जाऊन.

आता आमच्या टेबलावर काय होतं ते सांगतो. जुना कार्यक्रम दुसऱ्या चॅनलला रिपीटसाठी विकला की पहिलं काम म्हणजे कोपऱ्यातला लोगो काढणं, आम्ही त्याला बग म्हणतो. मास्टर टेपवर बग नसतो, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कामाची मास्टर सापडेलच असं नाही, टेपवर बुरशी आलेली असते नाहीतर कपाट कुणी रिकामं केलेलं असतं. मग मिळते ती प्रसारणाची कॉपी, बग बसलेली. तिच्यावर एकतर धूसर चौकोन लावा नाहीतर फ्रेम मोठी करून कोपरा बाहेर ढकला. एका जुन्या मराठी मालिकेचं मी हे केलंय. त्यात एक म्हातारी उजव्या कोपऱ्यात खिडकीशी बसून सगळं ऐकत असते, बोलत काहीच नाही, फक्त चेहरा. फ्रेम मोठी केली की ती बाहेर जात होती. मी दोन रात्री बसून त्या सीनपुरता हाताने, फ्रेम बाय फ्रेम, लोगोवर शेजारच्या भिंतीचा रंग भरला आणि म्हातारी ठेवली. पैसे त्याचे वेगळे मिळाले नाहीत, पण काढवत नव्हतं तिला.

रानजाई

एडिट_टेबल, हे वाचून काय बोलू कळेना. ती म्हातारी ठेवलीत ते फार चांगलं केलंत.

पेठेतला_मी

एडिट_टेबल यांचा प्रतिसाद उत्तम पण मी असहमत. मालकी कागदावर कुणाची ते कागदाला माहीत. प्रेक्षक माणसांच्या मागे जातो.

मराठी कॉमेडी घ्या. फू बाई फू झी मराठीवर, त्यामागे सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे. मग तीच जोडी कलर्स मराठीवर कॉमेडीची बुलेट ट्रेन घेऊन. मग २०१८ ला सोनी मराठी सुरू झाल्या झाल्या महाराष्ट्राची हास्यजत्रा. तीन चॅनल, तीन नावं. पण विशाखा सुभेदार आणि समीर चौघुले समोरासमोर उभे राहिले की माझ्या बाबांना तिन्ही एकच कार्यक्रम वाटायचा, ते अजूनही हास्यजत्रेला "ते आपलं फू बाई फू लाव रे" असं म्हणतात. आणि बघा ना, २०२२ ला झीवर खरंखुरं फू बाई फू त्याच नावाने परत आलं, फार काळ टिकलं नाही. नाव होतं, घर होतं, माणसं दुसरीकडे होती.

त्यामुळे माझ्या मते घर आणि नाव दोन्ही गौण, माणूस मुख्य.

वाळूतली_रेघ

मग कपिल शर्माचं बघा, पेठेतले भाऊ, तुमच्या बाजूने पण आहे आणि विरुद्ध पण. कॉमेडी नाइट्स विथ कपिल २०१३ ते जानेवारी २०१६ कलर्सवर, मग एप्रिल २०१६ पासून सोनीवर द कपिल शर्मा शो, आणि २०२४ पासून नेटफ्लिक्सवर. तीन घरं, दर वेळी नाव जरा वेगळं, प्रेक्षक गेले त्याच्यामागे हे खरंच. पण पात्रं? ती मागेच राहिली. सुनील ग्रोवरची गुत्थी आठवा, तो मध्येच २०१४ ला स्टार प्लसवर मॅड इन इंडियात गेला तेव्हा गुत्थी नेता आली नाही, तिथे चुटकी करावी लागली. तोच माणूस, तसाच वेश, तशाच वेण्या, आणि चाललं नाही. पुढे सोनीवर पण सगळ्यांना नवीन पात्रं घ्यावी लागली, सुनीलचा डॉक्टर गुलाटी झाला, अली असगरची दादी होती तिची नानी झाली. गुलाटी प्रचंड चालला, पण मी इथे शारजात रूमवर सहा जणांसोबत बघायचो आणि आमच्यातला एक जण प्रत्येक वेळी विचारायचा, गुत्थी कधी येणार. माणूस समोर होता तरी त्याला पात्रच हवं होतं.

पेठेतला_मी

मुद्दा मान्य. पात्राचा विचार मी केला नव्हता.

न्यूजर्सीकर_आजोबा

मुलाकडे आलोय वर्षभर, इथल्या मालिका बघायची सवय लागली आहे त्यामुळे थोडी भर घालतो.

एडिट_टेबल यांचा भाडेकरूचा मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. ब्रुकलिन नाइन-नाइन ही पोलिसांची विनोदी मालिका फॉक्सवर पाच वर्षं चालली. १० मे २०१८ ला फॉक्सने बंद केली. दुसऱ्याच दिवशी रात्री एनबीसीने घेतली, साधारण एकतीस तास. लोकांना वाटलं चाहत्यांच्या आरड्याओरड्याने हे झालं. आरडाओरडा झालाच, त्याचं मोल आहेच, पण ती मालिका बनवणारा स्टुडिओ मुळात एनबीसीच्याच घरातला होता. स्क्रब्जचंही असंच, बनवणारा स्टुडिओ एबीसीकडचा, मालिका सात सीझन एनबीसीवर आणि मग २००९ ला एबीसीवर. मुलगी सासरहून परत आल्यासारखं.

पण मला सगळ्यात आवडती गोष्ट जॅगची आहे. नौदलाच्या वकिलांची मालिका, १९९५ ला एनबीसीने सुरू केली, एका वर्षात काढून टाकली. सीबीएसने घेतली, २००५ पर्यंत चालवली, आणि त्यातूनच २००३ ला एनसीआयएस निघाली जी अजून चालू आहे. एका चॅनलने एका वर्षात टाकून दिलेल्या रोपाचं दुसऱ्याच्या अंगणात वडाचं झाड झालं. बेवॉच पण तशीच, एनबीसीने पहिल्या सीझननंतर बंद केली, मग निर्मात्यांनी ती चॅनलच्या नादी न लागता गावोगावच्या स्टेशनांना सुटी सुटी विकली, सिंडिकेशन म्हणतात त्याला, आणि १९९१ पासून पुढे दहा वर्षं जगभर चालली. आमच्या नाशिकला केबलवर आली होती, सगळ्यांना आठवत असेल.

टेम्सकाठी

बेक ऑफचं कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहिते. इथे ब्रिटनमध्ये हा केक-पाव भाजायच्या स्पर्धेचा कार्यक्रम, तंबूत होतो. २०१० ला बीबीसी टूवर सुरू झाला, मग बीबीसी वनवर, आणि लोक अक्षरशः कामं टाकून बघायचे. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये बातमी आली की बनवणारी कंपनी तो चॅनल फोरला देतेय, बीबीसीपेक्षा जास्त पैसे मिळाले म्हणून.

रानजाईंच्या आईंचा प्रश्न तेव्हा अख्ख्या देशाला पडला होता. चार मुख्य माणसं होती, त्यातल्या मेल आणि सू या दोघी सूत्रसंचालिकांनी लगेच सांगितलं आम्ही जाणार नाही. मग परीक्षक मेरी बेरी, वय ऐंशीच्या पुढे, त्या पण बीबीसीसोबत थांबल्या. दुसरे परीक्षक पॉल हॉलीवूड एकटे गेले. तंबू गेला, नाव गेलं, संगीत गेलं, एक माणूस गेला. २०१७ ला चॅनल फोरवर आला तेव्हा माझ्या सासूबाई, त्या आमच्याकडे ठाण्याहून आल्या होत्या आणि त्यांना इंग्रजी फार कळत नाही पण हा कार्यक्रम त्या मागच्या वेळी आल्या तेव्हापासून बघायच्या, त्या पाच मिनिटांत म्हणाल्या, "हे मध्ये काय आलं?" जाहिराती. बीबीसीवर जाहिराती नसतात. चॅनल फोरने कार्यक्रमाचा तास तासभरच ठेवला आणि जाहिरातींसाठी वेळ वाढवून सव्वा तास केला, म्हणजे कापाकापी काही नव्हती, पण केक भट्टीत फुगतोय आणि मध्येच गाडीची जाहिरात. त्या म्हणाल्या, भट्टीचं दार मध्येच उघडल्यासारखं वाटतं.

पण सांगायचं म्हणजे तो टिकला. नवीन माणसांची सवय झाली, मेरींच्या जागी परीक्षक म्हणून आलेल्या प्रू लीथ माझ्या मुलीला मेरी बेरींइतक्याच आपल्या वाटतात, कारण तिने त्या आधीचं बघितलंच नाही.

खडूफळा

"भट्टीचं दार मध्येच उघडल्यासारखं", क्या बात है. सासूबाईंना नमस्कार सांगा.

वऱ्हाडी_रीळ

सगळे टीव्हीवरच बोलून राहिले, थोडं सिनेमाचं सांगतो. माझे वडील अमरावती जिल्ह्यात एका टॉकीजचे मॅनेजर होते, तीस वर्षं. मालक बदलणं हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं.

खूप जणांना माहीत नसते पण सिनेमाच्या धंद्यात महाराष्ट्र एक नाहीच. मुंबई सर्किट, म्हणजे वितरणाचा विभाग, वेगळं, आपला विदर्भ सीपी-बेरारमध्ये, आणि मराठवाडा निजाममध्ये. ब्रिटिशांच्या आणि निजामाच्या काळातल्या हद्दी, राज्य १९६० ला झालं पण सिनेमाच्या रिळांच्या पेट्या त्यानंतरही जुन्याच हद्दीने फिरत राहिल्या. मुंबईत एका वितरकाचा असलेला सिनेमा अमरावतीत दुसऱ्याचा आणि औरंगाबादला तिसऱ्याचा. आणि एखाद्या हिट सिनेमाचा दुसरा भाग आला की आमच्या सर्किटचा वितरक बदललेला असायचा, कारण पहिल्यात कमावलं म्हणून निर्मात्याने भाव वाढवला आणि जुन्याला झेपला नाही. मग वडील अडचणीत, कारण जुन्या माणसाशी वीस वर्षांचा व्यवहार, तो तोंडी शब्दावर पेटी द्यायचा, हिशोब आठवड्याने. नवा म्हणायचा आधी पैसे भरा. पत्र्याच्या पेट्यांवर वितरकाचं नाव रंगवलेलं असायचं, आणि जुन्या पेटीवरचं नाव खरवडून त्यावर दुसरं रंगवलेलं मी हाताने चाचपून पाहिलंय, खालची अक्षरं बोटाला लागत. नागपूरहून एसटीच्या टपावरून पेटी यायची, मी आणि वडील स्टँडवर वाट बघत.

हॉलीवूडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर. मार्व्हलचा आयर्न मॅन २००८ ला पॅरामाउंटने वितरित केला. मग २००९ ला डिस्नेने मार्व्हलच विकत घेतलं, पण अव्हेंजर्स आणि तिसरा आयर्न मॅन यांचे वितरणाचे हक्क पॅरामाउंटकडे होते, ते डिस्नेने किमान साडेअकरा कोटी डॉलर देऊन सोडवले. तरी २०१२ चा अव्हेंजर्स लावा, सुरुवातीला पॅरामाउंटचं चिन्ह आहे, सिनेमा डिस्नेचा. मला ते बघून आमच्या पेटीवरची खालची अक्षरंच आठवली.

हल्क बिचारा तर दुसऱ्यांच्या सिनेमात पाहुणाच राहिला, २००८ नंतर त्याचा एकट्याचा सिनेमा आला नाही, कारण एकट्याच्या सिनेमाच्या वितरणाचा हक्क युनिव्हर्सलकडे अडकलेला. स्पायडरमॅन सोनीचा, तो २०१६ पासून कराराने मार्व्हलच्या सिनेमांत येतो. नार्नियाचे पहिले दोन भाग डिस्नेचे, खर्च फार म्हणून डिस्ने बाहेर पडलं, तिसरा २०१० ला फॉक्सने आणला. आणि टर्मिनेटर, त्याचे हक्क तर इतक्या कंपन्यांच्या हातातून गेले, त्यातल्या काही बुडाल्या पण, की प्रत्येक नवा मालक गोष्ट आपल्यापासून परत सुरू करू पाहतो. माझं प्रामाणिक मत आहे की त्या सिनेमांची गाडी पुढे घसरली त्यात याचा मोठा हात आहे.

एडिट_टेबल

वऱ्हाडी_रीळ, पेटीवरची खरवडलेली अक्षरं... आमचा बग आणि तुमची पेटी, एकच गोष्ट आहे.

कैरीचं_पन्हं

ओटीटीवाल्यांचं पण लिहा की कुणीतरी. मी लिहिते थोडं. मनी हाइस्ट मुळात स्पेनच्या अँतेना थ्री चॅनलवर २०१७ ला आली होती, पंधरा भाग, सव्वा तासाच्या आसपासचे. सुरुवातीला जोरात, मग प्रेक्षक कमी होत गेले, कलाकारांच्या दृष्टीने संपलेली होती. नेटफ्लिक्सने घेतली आणि भागांची लांबी कमी करून पंधराचे बावीस केले. जगाने बघितली ती ही कापलेली आवृत्ती. म्हणजे एडिट_टेबल, यात तुमच्यासारख्या कुणाचा तरी हात आहे, कारण प्रत्येक भाग कुठे थांबवायचा हे नव्याने ठरवावं लागलं असणार ना, मूळ लेखकाने जिथे पडदा टाकला तिथे नाही.

आणि एक्स्पान्स, अंतराळातली मालिका. सिफाय चॅनलने मे २०१८ ला तीन सीझननंतर बंद केली तर चाहत्यांनी वर्गणी काढून अॅमेझॉनच्या स्टुडिओवरून विमान फिरवलं, मागे कापडी फलक, मालिका वाचवा म्हणून. त्याच महिन्यात जेफ बेझोस यांनी स्वतः जाहीर केलं की आम्ही घेतोय. अजून तीन सीझन झाले. मला ती मालिका माझ्या अवघड काळात फार आधाराची होती, रात्री झोप यायची नाही तेव्हा तीच लावायचे, त्यामुळे त्या अनोळखी लोकांचे, ज्यांनी वर्गणी काढली, खरंच आभार वाटतात.

पेठेतला_मी

चला हवा येऊ द्या राहिलं. २०१४ पासून झीवर, २०२४ च्या मार्चमध्ये थांबलं. निलेश साबळे आणि भाऊ कदम कलर्स मराठीवर नवीन नावाने कार्यक्रम घेऊन गेले. मग २०२५ ला झीने जुनंच नाव परत आणलं, सूत्रसंचालक अभिजीत खांडकेकर, श्रेया बुगडे आणि कुशल बद्रिके जुने, आणि हास्यजत्रेतला गौरव मोरे इकडे. म्हणजे इकडची माणसं तिकडे आणि तिकडची इकडे. आमचे बाबा आता त्यालाही फू बाई फूच म्हणतात. मी दुरुस्त करणं सोडलंय, कारण मला वाटतं त्यांच्या लेखी "आपण सगळे जेवून बसलोय आणि हसतोय" याला ते नाव आहे.

चिंचेची_सावली

रानजाई, एक विचारायचं राहिलं. २०२१ ला सोनी मराठीवर सचिन खेडेकर परत आले ना करोडपतीला? मग आईंनी काय केलं?

रानजाई

मी वाटच बघत होते कुणी विचारतंय का याची.

लॉकडाऊननंतरचे दिवस, मी मिरजेतच होते. जाहिरातीत त्यांचा आवाज आला, आई स्वयंपाकघरात होती, भाकरी तव्यावर. ती पिठाच्या हाताने बाहेर आली आणि टीव्हीसमोर उभीच राहिली. भाकरी करपली त्या दिवशी. मला म्हणाली, "कितव्या नंबरला लागतो हा?" मी आकडा मोठ्या अक्षरात लिहून रिमोटच्या पाठीला चिकटपट्टीने लावून दिला.

नवीन वही आणून देते म्हटलं तर नको म्हणाली. कपाटातून तीच काढली. मला वाटलं ती आठ कोऱ्या तारखांचं पान सोडून पुढे लिहील, तर नाही, त्या तारखांच्या खालीच एक रेघ मारली, नवीन तारीख घातली आणि पहिला प्रश्न लिहिला. मी विचारलं, आता नाव तर तेच नवीन आहे आणि घर पण तेच, मग आता कसं चाललं? तर म्हणाली, "त्यांना माहीत आहे मला पर्याय लिहायला वेळ लागतो, सावकाश वाचतात."

आता तुम्हा सगळ्यांचं वाचल्यावर तिला भाडेकरूचं सांगितलं फोनवर. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्या एडिटिंगवाल्या मुलाला विचार, २०१३ चे भाग कुठे बघायला मिळतील का, माझ्या वहीत बऱ्याच ठिकाणी दोनच पर्याय लिहिलेत.

एडिट_टेबल

आईंना सांगा मी चौकशी करतो. वहीतल्या तारखा पाठवा मला, ज्या ज्या ठिकाणी पर्याय राहिलेत तेवढ्याच.